गाडीच्या डोक्यावरचं रुखवत

आमच्या घरात गाडीच्या आधी गॅरेज आलं. बाबांनी नाशिक रोडला प्लॉट घेऊन घर बांधलं तेव्हा त्यांच्याकडे एक सायकल होती, आणि ती ओट्याला टेकवून ठेवलेली असायची. तरी नकाशात गॅरेज हवंच म्हणून ते अडून बसले. वर अर्ध्या जिन्याशी एक खोली काढायची होती, म्हणून गॅरेजचा स्लॅब बराच खाली घेतला. तो पडला त्या दिवसापासून एकवीस दिवस बाबा नोटांच्या प्रेसमधून ड्युटी संपवून यायचे, कपडेही न बदलता बादली घेऊन वर चढायचे आणि स्वतःच्या हातानं पाणी मारायचे. गवंड्यावर त्यांचा विश्वास नव्हता. माझ्यावर त्यांनी कधी इतकं लक्ष दिलं असेल असं मला वाटत नाही, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलंही आहे. कॉलनीतले लोक वर्षानुवर्षं त्यांना विचारायचे, "काय हो, गाडी कुठवर आली?" बाबा अजिबात न चिडता म्हणायचे, "निघालीय."

ती यायची होती तोवर गॅरेज आईनं बळकावलं. तिनं आधी नात्यातल्या एका लग्नात रुखवत मांडून दिलं होतं. मुलीकडची मंडळी लग्नात हौसेनं शोभेच्या वस्तू मांडतात ते रुखवत. सुपारीचे नवरा-नवरी, डाळ-तांदळाचं तुळशी वृंदावन, साखरेची भांडी, मण्यांची बैलगाडी, सप्तपदीचे सात रंगीत पाट. ते बघून दुसऱ्या कुणी मागितलं, मग तिसऱ्या कुणी, आणि बघता बघता आईच्या रुखवताचा गवगवा सिन्नरपासून इगतपुरीपर्यंत झाला. वस्तू ती चहाच्या लाकडी खोक्यांत ठेवायची. वाण्याकडून आणलेली ती खोकी सगळी एका उंचीची, आत कापूस, कोपऱ्यात मुंग्यांसाठी कापराची वडी. एकावर एक रचून गॅरेजच्या तिन्ही भिंती भरल्या होत्या. मधल्या जागेत सतरंजी टाकून आई बसायची. तिच्या कात्रीचा कचकच आवाज, मैद्याच्या खळीचा आंबूस वास, मधूनच प्रेसचा भोंगा आणि स्टेशनातून सुटणाऱ्या गाडीची शिट्टी. माझं सगळं लहानपण या आवाजांत गेलं. दुपारची जेवणंही आम्ही तिथंच उरकायचो. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. आईच्या बोटांना खळ लागलेली असली की मी तिला घास भरवायचे, आणि ती तोंडात घास घेऊन मला सूचना द्यायची, त्यातली एकही मला कळायची नाही.

माझं बारावीचं वर्ष होतं. एका संध्याकाळी बाबा आले ते पायरीवरूनच म्हणाले, "निघाली नाही, ठरली." इगतपुरीचे त्यांचे मित्र तांबेकाका गाडी विकणार होते. दसऱ्याला ताबा. बाबांनी त्या दिवशी दोनदा चहा घेतला आणि रेडिओ उगाचच मोठा लावला. जेवताना आईनं शांतपणे विचारलं, "आणि माझ्या खोक्यांचं?" बाबा म्हणाले, "बघू की काहीतरी. देऊन टाक एखाद्या मंडळाला. इतकी वर्षं केलंस, आता विश्रांती घे." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला आज कळतं. ते त्या क्षणी गॅरेजमध्ये गाडी बघत होते, आणि गाडीच्या मागे त्यांना दुसरं काही दिसतच नव्हतं.

आई उठून ताटं उचलायला लागली. ती बडबडी बाई होती. गप्प बसली की घरात पंखा बंद पडल्यासारखं वाटायचं. दुसऱ्या दिवशी तिनं मला पत्र लिहायला बसवलं. देवळ्याच्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेच होतं, आणि तिला तोवर मिळालेलं ते सगळ्यात मोठं काम होतं. बाकीच्या लग्नांत ती नुसतं रुखवत मांडून द्यायची. इथं नवऱ्या मुलीची आई स्वतः सगळं बघायला येणार होती. "लिही," आई म्हणाली, "जागेच्या अडचणीमुळे काम घेता येत नाही, राग मानू नये." मी लिहिलं. घडी घातली. आणि मग ते पत्र माझ्या रसायनशास्त्राच्या वहीत ठेवून दिलं, पेटीत टाकलंच नाही. घरात दोनच खोल्या होत्या, वरची खोली भाड्यानं दिलेली. खोकी गॅरेजमधून बाहेर गेली असती तर आईचं काम कायमचं गेलं असतं, एवढं मला कळत होतं. आणि मला भयंकर राग आला होता. माझा राग तेव्हा आणि आताही एकाच जातीचा आहे, तो हातात काहीतरी घेऊन कामाला लागतो.

कॉलेजच्या रस्त्यावर शकूरचाचांचं वेल्डिंगचं दुकान होतं. चाचा मूळचे मालेगावचे. तिथं यंत्रमागांच्या शेडमध्ये लोखंडी सांगाडे उभे करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली, मग इकडे आले. दुकान एवढंसं, पण त्यांच्या डोक्यावर लोखंडाची मांडणी होती आणि सगळे पाइप, पत्रे, अँगल वर झोपलेले. खाली ते ऐसपैस बसून काळा चहा प्यायचे. मी रोज बघत होते, पण दिसलं त्या दिवशी. खोकी जमिनीवर कशाला हवीत? गाडी खाली, रुखवत वर.

मी सांगितल्यावर चाचा लगेच घरी आले, गॅरेज बघितलं आणि वर हात लावून म्हणाले, "छत लय नीचे आहे, पण होईल." बाबा दारातच उभे होते. "स्लॅबला भोक पाडायचं नाही," त्यांनी ठणकावलं. "एक भोक पडलं की जन्मभर गळती. मी एकवीस दिवस पाणी मारलंय." चाचांनी मान डोलावली. "साहेब, स्लॅब को हाथ नहीं लगाएंगे, मंजूर. पण भिंत तर आपलीच आहे ना?" भिंतीबद्दल बाबांनी काही विचार केलेला नव्हता. ते नाही म्हणायच्या आत मी आणि चाचांनी माप घ्यायला सुरुवात केली.

मांडणी अशी होती. भिंतीत लोखंडी ब्रॅकेट गाडायचे, त्यांवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अँगल टाकायचे, दोन-दोन समोरासमोर, आणि त्या दोघांच्या पट्ट्यांवर मोडक्या लाकडी पेटाऱ्यांच्या आखूड फळ्या ओळीनं ठेवायच्या. असे दोन माळे, एक दाराकडे, एक आतल्या भिंतीकडे. खोकं स्लॅबखाली बसायला आणि वरून हात घालून काढायला चार बोटं मोकळी हवीत. त्यामुळे माळ्याची जागा वरून ठरली. खालून ठरवायची ती गाडीनं, आणि गाडी तर इगतपुरीला.

पण नशीब बघा, त्याच आठवड्यात तांबेकाका एका लग्नाला नाशिकला निघाले आणि वाटेत आमच्या फाटकाशी थांबले. गाडीत तांबेकाका, काकू, त्यांची आई, दोन मुली, जावई आणि जावयाचा भाऊ. मागच्या डिकीत आहेर म्हणून इगतपुरीच्या तांदळाची दोन पोती. उशीर झालेला, म्हणून कुणी उतरलं नाही. बाबा गाडीभोवती प्रदक्षिणा घालत होते, आई खिडकीतून सगळ्यांना पाणी देत होती, आणि मी टेप घेऊन टपाची उंची मोजली. तीनदा मोजली. तांबेकाकांच्या आईनं खिडकीतून विचारलंही, "काय गं, गाडीला झबलं शिवतेस का?" ते माप मी वहीत लिहिलं, त्याखाली दोन रेघा मारल्या. टपाच्या वर दोन बोटं सोडून माळा बसत होता. मला त्या रात्री पहिल्यांदा वाटलं, की मी हुशार आहे.

ब्रॅकेटसाठी भिंतीत खाचा पाडायचं काम चाचांनी माझ्याकडे दिलं. छिन्नी आणि हातोडी. पहिल्या दिवशी हातोडी विटेपेक्षा माझ्या अंगठ्यावर जास्त पडली. शेजारच्या पगारेकाकू कुंपणावरून म्हणाल्या, "मुलीच्या जातीला हे काय काम लावलंय हो?" आई कात्री न थांबवता म्हणाली, "तिला पोळ्या लाटायला सांगून बघितलंय मी. त्यापेक्षा भिंत बरी." तळहाताला फोड आले, ते फुटले, त्यावर नवे आले. खाचांत सिमेंट भरलं, ब्रॅकेट बसले, सुकले. अँगल चढवायची वेळ आली तेव्हा चाचांनी विचारलं, "बेटी, पट्टी ऊपर की नीचे?" अँगलला दोन बाजू असतात, एक आडवी, एक उभी. आडवीवर फळ्या टेकणार होत्या; उभी बाजू वर ठेवायची की खाली सोडायची, एवढाच प्रश्न. मी म्हटलं, खाली. म्हणजे वर सगळं सपाट राहील आणि खोकी सरळ सरकवता येतील. चाचांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा अँगलकडे. "सोच के बोल." मी विचार केल्यासारखं केलं आणि पुन्हा खाली म्हटलं. त्यांनी तसं बसवलं. काम झाल्यावर मी शिडीवरून माळ्यावर सरकून आडवी झाले. आई किंचाळली. फळ्या करकरल्या नाहीत.

यंदा माझ्या मुलीनं तिच्या बंगल्यात असलेच माळे करून घेतले. तयार रॅक, खोक्यातून आले, दोन तरुण आले, त्यांनी भिंतीवर हिरवी प्रकाशाची रेघ पाडली, स्लॅबला बिनदिक्कत भोकं पाडली आणि तासाभरात सगळं टांगून हात धुतले. मी खुर्ची टाकून बसले होते. त्याआधी ते गाडीची उंची मोजायला लागले तेव्हा मी विचारलं, "गाडीत कुणी बसलेलं नाही ना?" ते एकमेकांकडे बघून हसले. म्हातारीला वेड लागलंय असं त्यांना वाटलं असणार, आणि मी खुलासा करत बसले नाही.

दसरा उजाडला. आईनं पहाटेच टांगलेला चक्का काढून श्रीखंड घोटलं होतं. वेलदोड्याचा वास गॅरेजपर्यंत येत होता. झेंडूची तोरणं, दारात रांगोळी. वर दोन्ही माळ्यांवर खोकी ओळीनं, गॅरेजची जमीन स्वच्छ धुतलेली. आई कितीतरी दिवसांनी गुणगुणत होती. चाचांनाही बोलावलं होतं, ते स्वच्छ पांढरा कुडता घालून आले आणि आपलं काम लांबून, जरा डोकं तिरकं करून बघत उभे राहिले. दहाच्या सुमाराला हॉर्न वाजला. निम्मी कॉलनी बाहेर. तांबेकाका एकटेच आत, गाडी धुतलेली, पुसलेली, नाकावर हार. आईनं ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. बाबांनी नवा शर्ट घातला होता आणि ते हातवारे करून गाडी आत घेत होते, "येऊ द्या, येऊ द्या, सरळ."

बॉनेट आत गेलं. काच आत गेली. आणि मग जो आवाज झाला तो मला आजही दातात जाणवतो. लोखंडावर लोखंड घासल्याचा. तांबेकाकांनी ब्रेक दाबला. गाडी मागे घेतली तेव्हा टपाच्या पुढच्या कडेवर बोटभर लांबीचा ओरखडा होता. बाबांनी तो ओरखडा अंगठ्यानं पुसून बघितला, जणू तो पुसला जाणार होता. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुमन, काढून टाक ते सगळं. आत्ताच्या आत्ता."

सुमन म्हणाले. एरवी मी सुमी होते. आई तबक खाली ठेवून शिडीकडे गेली आणि तिनं पहिलं खोकं खाली घेतलं. मग दुसरं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तेच मला सहन झालं नाही. जणू तिला हे आधीपासून माहीतच होतं. पगारेकाकू हळूच म्हणाल्या, "तरी मी म्हटलं होतं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी वही आणली, टेप आणली, टप मोजला. वहीतल्या मापापेक्षा तब्बल चार बोटं जास्त! गाडी वाढली? गाडी काय कणीक आहे, फुगायला? मी पुन्हा मोजलं. आणि तेव्हा मला तांबेकाकांची आई आठवली, खिडकीतून डोकं काढून झबल्याबद्दल विचारणारी.

"काका," मी ओरडले, "त्या दिवशी गाडीत सातजण होते!"

तांबेकाका म्हणाले, "आणि दोन पोती तांदूळ. मग?"

"बसा सगळे! काकू, तुम्ही बसा. बाबा, तुम्ही पण."

बाबा काही बोलणार होते, पण माझा चेहरा बघून बसले. पगारेकाकूंना मी अक्षरशः ढकललं. त्यांचे मिस्टर, भाडेकरू जोडपं, पुढे शकूरचाचा. जसजसा एकेकजण आत शिरला तसतशी गाडी स्प्रिंगवर खाली बसत गेली, हार लावलेली एखादी म्हैस पाण्यात बसावी तशी. मी टेप लावली. टपावर माळ्याखाली दीड बोट फट पडली होती. लोक हसायला लागले. मी रडायच्या बेतात होते, पण हसले. चूक सापडली होती. माझी होती, पण ती वेंधळेपणाची नव्हती. आमच्याकडे रिकामी गाडी कुणी बघितलेलीच नव्हती.

"आता काय," गाडीतून बाबांचा आवाज आला, "गाडी ठेवायची झाली की दर वेळी निम्मी कॉलनी बसवायची?"

पुन्हा हशा. सगळे उतरले, गाडी परत वर आली, आणि प्रश्न तिथंच राहिला. खाली उतरलेली खोकी ओट्यावर उन्हात. मी माळ्याच्या खाली जाऊन उभी राहिले आणि वर बघत राहिले. गाडी लागली होती ती फळीला नाही. फळी तर चांगली उंचावर होती. लागली होती ती अँगलची खाली सोडलेली उभी पट्टी, मी हट्टानं खाली सोडायला लावलेली. मी त्या पट्टीला बोटं लावली. तीन बोटं. गाडीला हवी होती दोन.

मी चाचांकडे बघितलं. ते कुडत्याच्या बाह्या वर सारत होते, आणि माझ्या लक्षात आलं की त्यांना हे कधीच कळलं होतं. मला कळायची ते वाट बघत होते.

"उलटा करायचा," मी म्हटलं. "अँगल उलटा करायचा. आडवी पट्टी आहे तिथंच राहील, उभी वर जाईल."

"टोकाची भोकं?" चाचांनी विचारलं.

"दोन्हीकडे सारखी आहेत. तुम्ही सारखीच पाडलीत."

"मग पाना आण," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले.

दाराकडच्या माळ्याचेच दोन अँगल बदलायचे होते. आतला माळा बॉनेटवर येत होता, तिथं काही अडत नव्हतं. मी शिडीवर चढले, नट सोडवायला लागले. अँगल भिंतीएवढा लांब आणि जड, दोन टोकांना दोघं हवेत. चाचा दुसऱ्या शिडीकडे वळले तेव्हा मागून आवाज आला, "तुम्ही राहू द्या. पांढरा कुडता आहे." बाबांनी नव्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या होत्या. ते शिडी चढले, टोक धरलं आणि म्हणाले, "सांग, सुमे. कधी सोडू ते सांग." आम्ही दोघांनी अँगल उचलला, खाली उभ्या चाचांनी मधून तोलला, टोकं बदलून तो उलटा केला आणि ब्रॅकेटवर टेकवला. बोल्ट जसेच्या तसे बसले. खट्ट. तो आवाज सकाळच्या आवाजाच्या अगदी विरुद्ध होता, आणि मला कितीही सुरेल गाणं ऐकवलं तरी त्याच्या जवळ जाणार नाही. दुसरा अँगल. मग फळ्या. आता त्या दोन्ही उभ्या पट्ट्यांच्या मध्ये ताटात ठेवाव्या तशा बसल्या, आणि वर आयताच एक काठ तयार झाला. खोकी काठावरून उचलून ठेवायला वर चार बोटांतलं एक बोट उरत होतं. एक बोट पुरे झालं.

"आता खोकं घसरून पडायचं नाही," आई खालून म्हणाली. तिनं काठ बरोबर ओळखला होता. ती स्वतः एक खोकं घेऊन वर चढली, ठेवलं, हलवून बघितलं, आणि मग माझ्याकडे बघून एवढी मोठ्यानं हसली की तांबेकाकाही विनाकारण हसायला लागले.

गाडी आत गेली. टपावर मोजून एक बोट जागा राहिली. बाबांनी त्या फटीत हात घालून बघितला, पंजा आडवा करून, इकडून तिकडे, संपूर्ण टपावरून. मग बाहेर येऊन त्यांनी कॉलनीला जाहीर केलं, "आली." अकरा वर्षं "निघालीय" म्हणणाऱ्या माणसाचा तो एक शब्द ऐकून लोकांनी टाळ्या वाजवल्या. चाचांना श्रीखंड-पुरीचं पान वाढताना आईनं वाटीत तीनदा श्रीखंड घातलं आणि तिन्ही वेळा त्यांनी "बस, भाभी, बस" म्हणत ते संपवलं. मी इतकी जेवले की संध्याकाळी सोनं वाटायला जाताना मला चालवत नव्हतं. ओरखडा मात्र टपावर राहिला. बाबांनी तो कधीच रंगवला नाही. कुणी विचारलं तर गाडीचा नाही, लेकीचा किस्सा सांगायचे.

देवळ्याहून नवऱ्या मुलीची आई ठरल्याप्रमाणे आली, दोन जावा आणि पिशवीभर लाल कांदे घेऊन. पत्र गेलेलंच नव्हतं, हे मी दसऱ्यालाच आईला सांगून टाकलं होतं. बाबांनी न सांगता गाडी बाहेर काढून गल्लीत लावली आणि आई सतरंजीवर एकेक खोकं उतरवून उघडत गेली. बाईंनी सुपारीचे नवरा-नवरी हातात घेतले, साखरेच्या तांब्याला बोट लावलं, तुळशी वृंदावनातले डाळीचे दाणे वाकून वाकून बघितले. "लय भारी हाय, ताई," त्या म्हणाल्या. "सगळं आमच्याकडं पाठवा. काय ठेवू नका." आईचे डोळे भरून आले होते, ते तिनं कापसाच्या निमित्तानं पुसले. मग बाईंची नजर वर गेली. त्यांनी पदर सावरत मान उंच केली, माळा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला, खालून उभ्या पट्टीचा काठ बघितला.

"आणि हे कोणत्या कारागिरानं केलं? आमच्या घरी बी पाहिजे. धान्याची पोती ठेवायला."

आईनं खोक्याचं झाकण हातात धरूनच माझ्याकडे बोट केलं. "हिनं," ती म्हणाली.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी फ्रॉकमधून नुकतीच साडीत आलेली, हाताला अजून फोडांचे डाग. मला कुठे बघावं कळेना. तेवढ्यात दारातून बाबांनी खाकरून घसा साफ केला.

"एक टोक मी धरलं होतं," ते म्हणाले.